भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या : संपूर्ण खोऱ्याचा विचार करणारे अभियंते

हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य असलेल्या मराठी भाविकांना मूसी नदी परकी नाही. विकाराबादजवळील अनंतगिरीच्या डोंगरात, जेथे श्री अनंतपद्मनाभस्वामींचे देवस्थान आहे, तेथे ती उगम पावते. मुचकुंदा हे तिचे जुने नाव. या नदीच्या कोपापासून नगराचे रक्षण व्हावे म्हणून ज्यांनी उगमापासून विचार केला, त्या सर विश्वेश्वरय्या यांचे अल्पचरित्र आम्ही आज भाविकांपुढे ठेवीत आहोत.

विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर रोजी, चिक्कबळ्ळापूरजवळील मुद्देनहळ्ळी या गावी झाला. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. त्यांचे छत्र लहानपणीच हरपले. मातोश्री वेंकटलक्ष्मी यांनी मोठ्या कष्टाने मुलास वाढविले. शिकवण्या करून त्यांनी बंगळूर येथे १८८१ मध्ये पदवी मिळविली. पुढे म्हैसूर दरबारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले व १८८३ मध्ये स्थापत्यशास्त्राच्या परीक्षेत पहिले आले. १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांची सेवा सुरू झाली. अशा रीतीने महाराष्ट्र ही त्यांची विद्याभूमी व आरंभीची कर्मभूमी ठरली.

पुण्याजवळील खडकवासला जलाशयावर त्यांनी आपोआप उघडणारी व मिटणारी दारे बसविली आणि धरणाची उंची न वाढविता अधिक पाणी साठविले. नीरा कालव्यावर १८९९ च्या सुमारास त्यांनी गटपद्धती आणली. कालव्याचे पाणी थोड्या गावांनी उसासाठी उचलावे व इतरांनी कोरडे राहावे, हे त्यांना मान्य नव्हते. पाणी अनेक गावांत वाटून द्यावे व ठरलेल्या क्षेत्रात पिकांची पाळी लावावी, असा तो विचार होता. पाणी एकट्याचे नव्हे, ही पुढील सर्व कार्याची बैठक येथेच घातली गेली, असे आम्हांस वाटते.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मूसीस महापूर आला. त्या वेळी सहावे निजाम मीर महबूब अली खान गादीवर होते. नदीकाठच्या वस्त्या वाहून गेल्या. सुमारे १५,००० माणसे प्राणास मुकली, असे सांगितले जाते. अफझलगंज भागातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जण वाचले. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात असून लोक त्याच्यापुढे आजही हात जोडतात.

विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई सरकारच्या सेवेतून मुक्त होऊन परदेश प्रवासात होते. निजाम सरकारने त्यांस पाचारण केले व १९०९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी कामास आरंभ केला. नगरात भिंती उंच कराव्यात, पूल रुंद करावेत, एवढ्यावर त्यांनी समाधान मानले नाही. ते नदीच्या वरच्या अंगास गेले. शहराच्या वर मूसीचे पाणलोट क्षेत्र ८६२ चौरस मैल होते व त्यात ७८८ तलाव होते. म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलास एक. पूर्वजांनी पावसाचा थेंब अडविण्यासाठी केलेली ती साखळी होती. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावास भरीत असे. परंतु त्या अतिवृष्टीत २२१ तलाव फुटले. वरचा बांध फुटला की त्याचा लोंढा खालच्या बांधावर आदळे आणि तोही जाई. जी व्यवस्था पाणी राखीत होती, तीच तुटल्यावर संकट वाढविती झाली.

संस्थानाचा मुलूख तेव्हा दिवाणी, सर्फ-ए-खास, पायगा व जहागिरी अशा निरनिराळ्या कारभारांत वाटलेला होता. पाण्याला मात्र या सीमा ठाऊक नव्हत्या. म्हणून नगराचे रक्षण नगराबाहेर, वरच्या खोऱ्यात केले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शहराच्या वर मूसीवर एक व तिची उपनदी ईसीवर एक, असे दोन जलाशय बांधावेत, पुराचे पाणी तेथे थोपवावे आणि तेच पुढे नगरास पिण्यास द्यावे, अशी शिफारस त्यांनी केली. त्याबरोबर सांडपाण्याच्या निचऱ्याची योजना व नदीकाठी उद्यानेही सुचविली. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाले.

१९०९ च्या अखेरीस विश्वेश्वरय्या म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले व १९१२ ते १९१८ या काळात दिवाण होते. कावेरीवरील कृष्णराजसागराचे काम १९११ मध्ये सुरू झाले. धरणाच्या उंचीवरून व पाण्याच्या वाट्यावरून म्हैसूर व मद्रास सरकारांत तीव्र मतभेद झाले, लवाद नेमावा लागला. अखेरीस १९२४ मध्ये उभय सरकारांत करार झाला. पुढेही कावेरीचा वाद मिटला नाही. बांध घालण्यास दहा-वीस वर्षे पुरतात, पण वरच्या व खालच्या लोकांचे मन जुळविण्यास अनेक पिढ्या लागतात, हेच यावरून दिसते.

१९५५ मध्ये त्यांस भारतरत्न हा सन्मान मिळाला. वयाची शंभरी ओलांडून एप्रिल १९६२ मध्ये ते निवर्तले. त्यांचा जन्मदिन देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

त्यांची शिकवण आज किती जिवंत आहे? मूसीचा उगम विकाराबाद जिल्ह्यात, उस्मानसागर रंगारेड्डी जिल्ह्यात आणि पुराचे भय हैदराबाद नगरास, अशी आजची वाटणी आहे. १९९६ मध्ये शासनाने दोन्ही जलाशयांभोवती दहा किलोमीटरपर्यंत, ८४ गावांत, बांधकामांवर निर्बंध घातले. २०२२ मध्ये ते उठविण्याचा आदेश निघाला व मोठा वाद उपस्थित झाला. त्यापूर्वी ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत शहरातील तलावांचे बांध फुटून वस्त्यांत पाणी शिरले होते. १९०८ चा धडा पुन्हा गिरवावा लागला.

ग्रामपंचायती, नगरपालिका व महानगरपालिका यांनी एका खोऱ्यातील एका कुटुंबाप्रमाणे विचार केला, वरच्या गावाने तलाव राखला आणि खालच्या नगराने त्या गावाचा भार वाटून घेतला, तरच नदी माता राहील. भाविकांनीही निर्माल्य जलाशयात टाकू नये, छपरावरचे पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे व जवळच्या तलावाची चौकशी ठेवावी, अशी आमची नम्र विनंती आहे. नदीची पूजा उगमापासून करावयाची असते, हे स्वकार्याने दाखविणाऱ्या या कर्मयोग्यास आमचे विनम्र अभिवादन.