मुंबईच्या मातांचा रक्तक्षय आणि डॉ. लूसी विल्स

जीवशास्त्राच्या पुस्तकातील तांबडी रक्तपेशी आमच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. सस्तन प्राण्यांच्या या पेशीत केंद्रक नसते. स्निग्ध द्रव्यांच्या दोन थरांचे लवचिक आवरण आणि आत हिमोग्लोबिन, एवढाच तिचा संसार. आवरण झिजले की तिला नवे घडवता येत नाही. माणसात साधारण १२० दिवसांत ती संपते. म्हणून अस्थिमज्जेला सतत नव्या पेशी तयार कराव्या लागतात. हे काम अडते कशाने, याचा शोध मुंबईत घेणाऱ्या डॉ. लूसी विल्स यांची ओळख या अंकात करून देत आहोत.

त्यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकून पुढे १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या. १९२८ साली त्या मुंबईस आल्या. तेथे कापड गिरण्यांतील गरीब स्त्रियांना गरोदरपणी तीव्र रक्तक्षय होई. रक्तपेशी आकाराने मोठ्या, पण संख्येने फार कमी. कित्येक माता दगावत.

विल्सबाई प्रयोगशाळेतच बसून राहिल्या नाहीत, याचे आम्हांला विशेष वाटते. एस. एन. तळपदे यांच्यासह त्यांनी शहरातील स्त्रिया काय खातात, कशा राहतात याची पाहणी केली. निकृष्ट आहार असणाऱ्यांत हा आजार अधिक होता. उंदरांवरील प्रयोगांत उवांमुळे पसरणाऱ्या जंतूने घोळ घातला, तेव्हा त्यांनी माकडांवर प्रयोग केले. उपाय सापडला तो अगदी साधा: मार्माइट, म्हणजे यीस्टचा अर्क. तो दिल्यावर थोड्याच दिवसांत रुग्ण स्त्रियांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागत. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

अर्कातील गुणकारी द्रव्य मात्र तेव्हा अज्ञातच होते. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे केले गेले. पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हणतात. ते कमी पडले की मज्जेतील पेशी वाढतात, पण वेळेवर विभागत नाहीत, आणि अनेक तेथेच नष्ट होतात. शाळांतून आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत तेही असते. पालकांनी हेही ध्यानात घ्यावे की हुबळी-धारवाडच्या बाजारातील मेथी, पालक फार वेळ उकळून पाणी फेकले, तर त्यातले बरेचसे वाया जाते.

निवृत्तीनंतरही विल्सबाई आहार आणि रक्तक्षय यांच्या अभ्यासासाठी फिजी, दक्षिण आफ्रिका अशा दूरच्या देशांत गेल्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.