विस्मृतीचा माग काढणारे डॉ. अल्झायमर

साठी बुद्धी नाठी, असे म्हणून वृद्धांच्या विसरभोळेपणाकडे दुर्लक्ष करण्याची रीत जुनीच आहे. या विस्मृतीमागे मेंदूत प्रत्यक्ष दिसणारे बदल असू शकतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून देणारे डॉ. अलॉइस अल्झायमर यांचे नाव आज घरोघरी ठाऊक आहे. त्यांचे आयुष्य मात्र फारसे परिचित नाही.

बव्हेरियातील मार्क्टब्राइट या गावी १४ जून १८६४ रोजी त्यांचा जन्म झाला. बर्लिन, ट्युबिंगेन व व्युर्त्सबुर्ग येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८८८ मध्ये ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. रुग्णांना बांधून, कोंडून ठेवण्याचा तो काळ. रुग्णालयाचे प्रमुख एमिल सिओली आणि तरुण अल्झायमर यांनी शक्य तितकी बळजबरी टाळून कोमट पाण्याचे दीर्घ स्नान, मोकळी हवा आणि संवाद यांवर भर दिला. दिवसा रुग्णसेवा आणि उरलेल्या वेळात सहकारी फ्रान्झ निस्ल यांच्यासह मेंदूच्या पेशींचा अभ्यास, असा त्यांचा दिनक्रम असे.

१९०१ मध्ये त्यांच्या पत्नी सेसिली यांचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री रुग्णालयात दाखल झाली. अल्झायमर तिच्यापाशी बसून प्रश्न विचारीत आणि प्रत्येक उत्तर टिपून ठेवीत. एके दुपारी ती फ्लॉवर आणि डुकराचे मांस खात होती. काय खात आहेस, असे विचारताच तिने पालकाचे नाव घेतले. तोंडात घास होता, पण त्याची ओळख हरवली होती.

पुढे अल्झायमर म्युनिकला एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले. एप्रिल १९०६ मध्ये ऑगस्टे वारली. शय्याव्रण होऊन जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता. तिच्या मेंदूत अल्झायमर यांना पेशींबाहेरचे साके आणि पेशींमधील तंतूंचा गुंता आढळला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडले, तेव्हा श्रोत्यांतून एकही प्रश्न आला नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. १९१२ मध्ये ब्रेस्लाउ येथे प्राध्यापकपद मिळाले. पण प्रकृती ढासळली आणि १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५१व्या वर्षीच, त्यांचे निधन झाले.

त्यानंतर शतक उलटले, तरी हा आजार समूळ बरा करणारे औषध सापडलेले नाही. त्यामुळे शुश्रूषेचे मोल कमी झालेले नाही, आणि या शुश्रूषेत सर्वाधिक उपेक्षा होते ती तोंडाच्या निगेची. ब्रश हाती दिला तरी त्याचे काय करायचे, हे रुग्णाला उमगत नाही. दाढ ठणकत असली तरी सांगता येत नाही. तो ताट दूर लोटतो, चिडतो, आणि घरचे ते आजाराच्या खात्यावर टाकतात. काही औषधांनी तोंड कोरडे पडून दात लवकर किडतात. अस्वच्छ तोंडातील जंतू लाळेवाटे फुप्फुसात उतरले, तर न्यूमोनिया होऊन तो जिवावर बेतू शकतो.

उपाय साधे आहेत. आजाराच्या आरंभीच, रुग्ण सहकार्य करू शकतो तोवर, दंतवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी. रोज ठरल्या वेळी मऊ ब्रश वापरावा आणि समोर उभे राहून स्वतः दात घासून दाखवावेत. कवळी रात्री काढून स्वच्छ करावी. रुग्णाने तोंड मिटून घेतले, तर जबरदस्ती न करता थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा.

बळजबरीऐवजी धीर, आणि रुग्ण बोलला नाही तरी त्याच्याकडे बारकाईने पाहणे, हे अल्झायमर फ्रँकफर्टमध्ये आचरीत होते. त्यांच्या शोधाइतकाच हा वारसाही जपण्याजोगा आहे.