पानिपतानंतरचे मल्हारराव

आज २० मे. इ. स. १७६६ मध्ये याच दिवशी, आजच्या मध्य प्रदेशातील भिंड जिल्ह्यात मोडणाऱ्या आलमपूर येथे, सुभेदार मल्हारराव होळकर यांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय ७३ वर्षांचे होते आणि उत्तरेतील मोहीम अद्याप संपलेली नव्हती. चाळीस वर्षांहून अधिक काळ घोड्याच्या पाठीवर काढलेल्या या सेनानीला घरच्या अंथरुणावर मरण आले नाही व रणांगणावरही आले नाही. महाराष्ट्राने त्यांचे स्मरण ठेवले आहे, यात शंका नाही. परंतु ते निर्मळ मनाने ठेवले आहे, असे म्हणवत नाही. विश्वासराव, सदाशिवरावभाऊ, दत्ताजी शिंदे, इब्राहिमखान गारदी यांची नावे उच्चारताना आपला कंठ दाटून येतो. मल्हाररावांचे नाव निघाले की मात्र वाक्याच्या शेवटी एक ‘पण’ येतो. तो ‘पण’ १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाचा आहे. एका दिवसाने एका दीर्घ आयुष्याचा निकाल लावावा काय, हा प्रश्न पुण्यतिथीच्या निमित्ताने विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

मल्हाररावांचा जन्म १६ मार्च १६९३ चा. नीरेकाठचे होळ हे त्यांचे गाव. त्यावरूनच घराण्याला होळकर हे नाव मिळाले. वडील खंडोजी लवकर वारले आणि आईने या पोराला घेऊन खानदेशात तळोदे येथे भाऊ भोजराज बारगळ यांचा आश्रय घेतला. धनगराच्या घरचे हे मूल मामाकडे मेंढरे राखीत वाढले आणि पुढे मामाच्याच पथकात राऊत झाले. मामाची कन्या गौतमाबाई ही त्यांची पत्नी. १७२१ च्या सुमारास ते पेशव्यांच्या चाकरीत आले आणि १७२५ पर्यंत ५०० स्वारांचे नायक झाले. कुळाचा वारसा नाही, वतनाचा आधार नाही, विद्येचा संस्कार नाही. केवळ अंगच्या कर्तृत्वावर माणूस वर चढण्याचा तो काळ होता, आणि थोरल्या बाजीरावांना माणसाची पारख होती. राणोजी शिंदे व मल्हारराव होळकर ही त्या पारखीचीच दोन फळे होत.

नोव्हेंबर १७२८ मध्ये चिमाजीअप्पांनी अमझेरा येथे माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला, त्या मोहिमेत मल्हारराव होते. त्यानंतरच्या दहा वर्षांत नर्मदेपलीकडचा प्रदेश मराठ्यांच्या पायाखाली आला, त्यात त्यांच्या घोडदळाचा वाटा फार मोठा होता. या घोडदळाची रीत ठरलेली होती. सामान कमी, तोफा जवळजवळ नाहीत, मजल लांब. शत्रूची रसद तोडायची, त्याला दमवायचे, तो जड झाला की घाव घालायचा आणि तो सावध झाला की निघून जायचे. निघून जाणे हा या युद्धशास्त्राचा कलंक नव्हता, ते त्याचे अंगच होते. मार्च १७३७ मध्ये अंतर्वेदीत शिरलेल्या मल्हाररावांना अवधच्या सादतखानाने जलेसरजवळ गाठून पिटाळले आणि मराठ्यांचा बीमोड केल्याच्या वार्ता दिल्लीस धाडल्या. काही दिवसांतच बाजीराव दिल्लीच्या वेशीवर उभे राहिले. मल्हाररावांच्या त्या माघारीबद्दल त्यांना कोणी भ्याड म्हटले नाही, आणि त्यांचा मानही उणा झाला नाही. १७५८ मध्ये रघुनाथरावांबरोबर मराठी फौजा लाहोरला पोहोचल्या, तेव्हाही हे वृद्ध सुभेदार बरोबर होते.

ज्याचे स्मरण करावयाचे त्याचे दोष झाकून ठेवणे हा त्याचा गौरव नव्हे. मल्हाररावांचे दोष ठळक होते आणि त्यांची किंमत साऱ्या मराठी राज्याला मोजावी लागली. जयपूरच्या गादीच्या तंट्यात त्यांनी माधोसिंगाची बाजू घेतली. खंडणीच्या तगाद्याने कोंडीत सापडलेल्या ईश्वरीसिंगाने डिसेंबर १७५० मध्ये आत्मघात केला आणि रजपुतांची मने कायमची दुरावली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात एकुलता एक पुत्र खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाला. पुत्रशोकाने पेटलेल्या पित्याने सूरजमल जाटाच्या सर्वनाशाचा पण केला. पुढे तह झाला, पण त्या प्रकरणात होळकर व शिंदे यांच्यात जी तेढ पडली ती बुजली नाही. सर्वांत महाग पडली ती १७५७ मधील दया. दिल्लीत हाती सापडलेल्या नजीबखान रोहिल्याला मल्हाररावांनी आपला धर्मपुत्र मानून सोडविले. हाच नजीब पुढे अब्दालीचा हिंदुस्थानातील मुख्य आधार झाला. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले, आणि त्यानंतरची सारी अनर्थपरंपरा तेथूनच सुरू झाली. मार्चमध्ये सिकंदराबादेस अफगाण फौजेने खुद्द मल्हाररावांच्या तळावर अचानक छापा घालून त्यांची दाणादाण केली. आपण वाचविलेल्या माणसाच्या मित्राकडून खाल्लेला हा मार होता.

पानिपतावर गेले तेव्हा ते अडुसष्टीला टेकले होते. तोफा, गारद्यांची कवायती पलटणे, यात्रेकरू, बायकापोरे आणि बुणगे यांसह निघालेल्या त्या अजस्र लष्कराला पाहून मल्हारराव व सूरजमल या दोघांनीही सल्ला दिला, की जड सामान व कुटुंबे मागे सुरक्षित ठेवावी आणि सड्या फौजेनिशी अब्दालीला हैराण करावे. भाऊसाहेबांनी तो मानला नाही. उदगीरला इब्राहिमखानाच्या तोफांनी निजामाविरुद्ध दिलेला विजय त्यांच्या डोळ्यांपुढे ताजा होता. त्यांचा विचार वेडगळ होता असे मुळीच नाही. दोन युद्धपद्धतींचा तो झगडा होता, आणि एका लष्करात दोन्ही अर्ध्यामुर्ध्या वागविल्या गेल्या. युद्धाच्या दिवशी जनकोजी शिंदे आणि मल्हारराव उजव्या बगलेवर होते. समोर नजीब होता. दुपारनंतर विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ गर्दीत दिसेनासे झाले, फौजेचा धीर सुटला. आणि मल्हारराव आपले पथक घेऊन बाहेर पडले.

ते केव्हा बाहेर पडले आणि कोणाच्या सांगण्यावरून, याविषयी वाद आहे. स्त्रियांना सुखरूप बाहेर काढण्याची आज्ञा भाऊंनीच केली होती, अशीही एक परंपरा आहे. तो वाद एका अग्रलेखात मिटणारा नाही. जेवढे निश्चित आहे तेवढे मात्र दोन्ही बाजूंनी सांगितले पाहिजे. त्याच बगलेवरचा कोवळा जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारला गेला आणि वृद्ध मल्हारराव जिवंत परतले, हे खरे आहे. आणि लढाई हरल्यानंतर जी मराठी फौज फौज म्हणून शिल्लक राहिली, तिच्यात होळकरांचे पथक होते, हेही तितकेच खरे आहे.

त्या दिवशी परतलेले ते एकटे नव्हते. अवघ्या अठरा वर्षांचे नाना फडणीस त्याच रणातून निसटले. महादजी शिंदे पायाला कायमचे अधूपण घेऊन परतले. पुढची तीस वर्षे मराठी राज्य ज्या दोन खांद्यांवर उभे राहिले, ते दोन्ही पानिपतावरून परतलेले खांदे होते. त्यांना तेथून निघाल्याचा जाब कोणी विचारीत नाही, उलट ते वाचले म्हणून दैवाचे आभार मानतो. बगलेवरच्या सेनापतीची जबाबदारी निराळी, हे मान्य केले पाहिजे. परंतु परतणे हाच गुन्हा असेल तर तो सर्वांचा, आणि नसेल तर परतलेल्याने पुढे काय केले, हीच खरी कसोटी होय.

मल्हाररावांना पुढे जेमतेम सव्वापाच वर्षे मिळाली. २३ जून १७६१ रोजी नानासाहेब पेशवे पुत्रशोकात व बंधुशोकात निवर्तले आणि सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. त्याच वर्षी गौतमाबाई गेल्या. मराठ्यांचा अंमल संपला असे मानून उत्तरेत जो तो डोके वर काढू लागला होता. ज्या माधोसिंगाला मल्हाररावांनीच जयपूरच्या गादीवर बसविले होते, तोही सैन्य घेऊन उठला. नोव्हेंबर १७६१ च्या अखेरीस कोट्याजवळच्या मांगरोळ येथे मल्हाररावांनी त्याच्या फौजेचा पराभव केला. पानिपताला एक वर्ष पुरे होण्याच्या आत मिळालेल्या या विजयाने मराठ्यांचे नाव चंबळेच्या अलीकडे टिकले. १७६३ मध्ये निजामाविरुद्धच्या मोहिमेत ते तरुण माधवरावांच्या मदतीला दक्षिणेत आले. जुनी खोड मात्र गेली नाही. सूरजमल नजीबाशी लढताना पडल्यावर त्याचा पुत्र जवाहरसिंग याने मल्हाररावांना साह्यास बोलाविले. दिल्लीच्या त्या वेढ्यात त्यांनी पुन्हा नजीबाला सांभाळून घेतले, हा जवाहरसिंगाचा संताप साधार होता.

मे १७६५ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, ते बक्सरला हरलेल्या शुजाउद्दौल्याच्या बाजूने कोरा येथे इंग्रजांशी लढले. इंग्रजी तोफांपुढे त्यांच्या घोडदळाचा टिकाव लागला नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी जी युद्धविद्या परकी मानली, तिच्याशी आयुष्याच्या संध्याकाळी त्यांची अशी गाठ पडली. त्या वयाचा दुसरा माणूस कालगतीला दोष देत घरी बसला असता. मल्हाररावांनी काय केले होते, ते त्याच सालातील पत्रांवरून दिसते. सून अहिल्याबाई यांना ग्वाल्हेरीकडे जाण्याच्या, तेथे मोठा तोफखाना ठेवण्याच्या व त्याच्या दारूगोळ्याची तजवीज करण्याच्या सूचना ते पाठवीत होते. ज्या सुनेला १७५४ मध्ये त्यांनी सती जाण्यापासून परावृत्त केले, तिला त्यांनी देवघरात बसवून ठेवले नाही. हिशेब, वसुली, तोफखाना, वाटेवरचा बंदोबस्त ही कामे त्यांनी तिच्यावर एकामागून एक टाकली. ज्या काळात विधवेला घराच्या कोपऱ्यात जागा मिळत असे, त्या काळात लिहिणे-वाचणे फारसे न शिकलेल्या एका सरदाराने हे केले.

या शिक्षणाची परीक्षा लवकरच झाली. मल्हाररावांच्या मागे गादीवर आलेला नातू मालेराव १७६७ मध्ये वारला. होळकरांची दौलत आता निर्नायकी झाली, असे समजून रघुनाथराव तीवर नजर ठेवून होते. अहिल्याबाई डगमगल्या नाहीत. माधवराव पेशव्यांची संमती त्यांना मिळाली, तुकोजी होळकरांकडे फौजेची जबाबदारी आली आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी मृत्यू येईपर्यंत महेश्वरहून त्यांनी जो कारभार केला, त्याची कीर्ती आजही सर्वमुखी आहे. २०२५ मध्ये त्यांची त्रिशताब्दी देशभर साजरी झाली. त्या सोहळ्यांत वृद्ध सासऱ्याचे नाव घेतले गेले असेल, पण या कीर्तीत त्याचा वाटा किती, याचा हिशेब क्वचितच मांडला गेला.

पराभवातून परतलेल्या सैनिकाकडे पाहण्याची आपली दृष्टी फारशी उदार नाही. पडलेल्यावर पोवाडे रचणे सोपे असते, कारण त्याच्याकडून पुढे चूक होण्याचा संभव उरलेला नसतो. परतलेला मात्र चुकतो, म्हातारा होतो, जुन्या सवयी सोडीत नाही, आणि त्याच्याकडे पाहताना न परतलेल्यांची आठवण होते. मल्हाररावांनी ती नजर पाच वर्षे सोसली व त्या काळात मोडलेले जेवढे सांधता येईल तेवढे सांधले. नजीबाला सोडविल्याबद्दल इतिहासाने त्यांना अवश्य दोष द्यावा. तो दोष त्यांचाच आहे. पानिपतावर मरण न आल्याबद्दल मात्र त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. आलमपुरास अहिल्याबाईंनी सासऱ्याची छत्री उभारली आहे. होळकरांच्या घरात त्या १४ जानेवारीची झळ त्यांच्याइतकी फार थोड्यांना लागली असेल. तरीही त्यांनी आपला निकाल केव्हाच देऊन टाकला होता. मराठी मनानेही आता तो द्यावयास हरकत नाही.