जोसेफिन बटलरबाई

इंग्लंडच्या उत्तरेस नॉर्थंबरलंड परगण्यांत १३ एप्रिल १८२८ रोजीं जोसेफिन ग्रे यांचा जन्म झाला. वडील गुलामगिरीचे कडवे विरोधक होते; अन्यायाचा तिटकारा मुलीनें त्यांच्यापासूनच घेतला. १८५२ सालीं जॉर्ज बटलर या विद्वान गृहस्थांशीं त्यांचा विवाह झाला. १८६४ सालीं त्यांची एकुलती एक लहान कन्या घरांतच उंचावरून पडून वारली. त्या दुःखांतून बाई दुसऱ्यांच्या दुःखाकडे वळल्या. लिव्हरपूल शहरीं गरीबखान्यांतील स्त्रियांजवळ बसून त्या जुन्या दोरांचे धागे उकलीत, आणि कित्येक निराधार स्त्रियांस त्यांनीं स्वतःच्या घरीं आश्रय दिला.

सैनिकांस गुप्तरोगांपासून वांचवावें म्हणून पार्लमेंटानें १८६४, १८६६ व १८६९ सालीं कायदे केले होते. छावणीच्या वा बंदराच्या गांवीं एखादी स्त्री वेश्या असल्याचा पोलिसांस संशय आला, कीं तिला सरकारी डॉक्टराकडून गुप्तांगाची तपासणी करून घेणें भाग पडे. नाकारल्यास तुरुंग. पुरुषांस मात्र अशी सक्ती नव्हती. पुष्कळ स्त्रियांकडून संमतीच्या कागदावर सही वा अंगठा घेत. परंतु भीतीनें दिलेला होकार हा होकारच नव्हे, हें बटलरबाईंनीं ओळखलें.

१८६९ सालापासून त्यांनीं स्त्रियांची संघटना उभारून या कायद्यांविरुद्ध लढा चालविला. कुलीन स्त्रीनें असा विषय उच्चारणें तेव्हां लज्जास्पद मानीत. निंदा झाली, १८७२ सालीं पॉंटिफ्रॅक्ट येथें तर विरोधकांनीं सभेच्या माळ्याखालीं गवत पेटविलें. तरी बाई मागें सरल्या नाहींत. १८८३ सालीं सक्तीची तपासणी थांबली व १८८६ सालीं कायदे रद्द झाले. हिंदुस्थानांतही १८६८ सालीं असाच कायदा झाला होता; त्याविरुद्धही त्या झटल्या, आणि तो १८८८ सालीं रद्द झाला. ३० डिसेंबर १९०६ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

औषधोपचारास त्यांचा विरोध नव्हता. विरोध सक्तीस होता. प्रभूनेंही आंधळ्या बार्तीमयास दृष्टि देण्यापूर्वीं त्याची इच्छा विचारली होती. म्हणून उपदेशक बंधूंनो व भगिनींनो, मंडळींतील एखाद्या स्त्रीस दवाखान्यांत नेतांना एवढें आपण पाहूं या: काय करावयाचें तें तिला आधीं समजावें, तिनें मोकळेपणीं होकार द्यावा, जवळ तिच्या विश्वासाची स्त्री असावी, आणि तिनें थांबा म्हणतांच हात थांबावा. गरिबाचें शरीरही त्याचें स्वतःचेंच आहे, हें आम्हीं बटलरबाईंच्या चरित्रापासून शिकावें.