पेटन राउस

फ्रान्सिस पेटन राउस (५ ऑक्टोबर १८७९ – १६ फेब्रुवारी १९७०) हे अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ होते. कोंबड्यांमधील एक कर्करोग विषाणूमुळे होतो, या शोधासाठी ते ओळखले जातात.

जीवन

राउस यांचा जन्म बाल्टिमोर येथे झाला. जॉन्स हॉपकिन्स येथे वैद्यकीचे शिक्षण घेताना शवविच्छेदनात बोटाला जखम होऊन त्यांना क्षयाचा संसर्ग झाला. टेक्सासमध्ये वर्षभर राहून ते बरे झाले व १९०५ मध्ये पदवीधर झाले. १९०९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रुजू झाले.

संशोधन

छातीवर गाठ असलेली प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी त्यांच्याकडे आणण्यात आली. त्या गाठीचे तुकडे तिच्या जवळच्या नात्यातील कोंबड्यांत रोपल्यावर त्यांनाही गाठी झाल्या. पुढे राउस यांनी गाठीचा अर्क पेशी व जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळून टोचला, तरीही कर्करोग झाला. हा निष्कर्ष १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोग संसर्गजन्य नसतो, अशी त्या काळी समजूत होती. उंदरांवरील प्रयोगही फसले, तेव्हा राउस दुसऱ्या विषयांकडे वळले. १९१६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह रक्त टिकवणारे सायट्रेट व साखरेचे द्रावण तयार केले. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी ते उपयोगी ठरले.

१९३० च्या दशकात रिचर्ड शोप यांना सशांमध्ये गाठी निर्माण करणारा विषाणू सापडला आणि राउस पुन्हा मूळ विषयाकडे आले. १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांना चार्ल्स हगिन्स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

कुक्कुटपालनातील महत्त्व

राउस विषाणूचा निकटवर्ती असलेला ल्युकोसिस विषाणू कोंबडीकडून अंड्यावाटे पिलात जातो. बाधित पक्षी बराच काळ निरोगी दिसतो. त्याच्या गाठी मारेक रोगातील गाठींसारख्या असल्याने केवळ पाहून निदान होत नाही. ल्युकोसिसने बाधित भ्रूणपेशी राउस विषाणूला दाद देत नाहीत, असे हॅरी रुबिन यांनी १९६० मध्ये दाखवले. त्यामुळे छुपा संसर्ग ओळखणारी चाचणी मिळाली. पुढे अंड्याच्या पांढऱ्या बलकातील विषाणूचे प्रथिन शोधणाऱ्या चाचण्या रूढ झाल्या. या रोगावर उपचार नसल्याने बाधित माद्या पैदाशीच्या कळपातून काढून टाकणे, हाच नियंत्रणाचा मुख्य मार्ग आहे.

वारसा

जनुकांतील बदलांमुळे कर्करोग होतो, हे मत राउस यांना मान्य नव्हते. मात्र त्यांच्याच विषाणूतील कर्करोगकारक जनुक मूळचे कोंबडीच्या निरोगी पेशीतले असल्याचे १९७६ मध्ये बिशप व व्हार्मस यांच्या संशोधनातून दिसून आले. त्याबद्दल त्या दोघांना १९८९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.