नामदार गोखले : पितृछत्र हरपल्यानंतर

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे ९ मे १८६६ रोजी जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांचे पितृछत्र १८७९ साली हरपले. वडील कृष्णराव कागल येथे साध्या नोकरीत होते. मागे संचित असे काही राहिले नाही. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवू लागले.

लहान वयातील शोक सहसा बोलून दाखविला जात नाही. गोपाळच्या बाबतीत तो काटकसरीत उतरला. तो हाताने स्वयंपाक करी, प्रसंगी एक वेळ उपाशी राही. एकदा मित्राने आपण होऊन नाटकाला नेले व मागाहून दोन आणे मागितले. ते फेडण्यासाठी दिव्याचे तेल वाचवून रस्त्यावरील कंदिलाखाली त्याने अभ्यास केला, असे चरित्रकार सांगतात. हाती येणाऱ्या प्रत्येक आण्यामागे भावाचा त्याग आहे, ही जाणीव त्याला क्षणभरही सोडून गेली नाही.

१८८४ साली बी. ए. झाल्यावर त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये अल्प वेतनाची शिक्षकी पत्करली. १९०५ साली भारत सेवक समाज स्थापिला. १९११ साली त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते पुढील वर्षी फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी नामदार निवर्तले. पोटाला चिमटा घेऊन शिकलेल्या त्या पोरक्या मुलास गरिबाच्या शिक्षणाचे मोल कोणी निराळे सांगावयास नको होते.