कै. दादासाहेब फाळके आणि कुंडीतला वाटाणा



यंदाच्या वर्धापनदिनी प्रत्येकीने घरातले एक साधे छायाचित्र आणावे व त्यामागची हकीकत सर्वांना सांगावी, असे मंडळात ठरले आहे. ते लग्नामुंजीचेच हवे असे नाही. अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांचे किंवा सारंगखेड्याच्या यात्रेतलेही चालेल. साध्या वस्तूच्या चित्रात काय सामर्थ्य असते हे ज्यांच्या आयुष्यात दिसते, त्या दादासाहेब फाळके यांच्याविषयी मी चार शब्द लिहीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा घरगुती भाषेत सांगते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. आपल्या शेजारच्या गुजरातेत, गोध्रा येथे, त्यांनी फोटोचे दुकान घातले. तेथे प्लेगने त्यांची पहिली पत्नी व मूल नेले. त्यातच, कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो अशी लोकांची समजूत; त्यामुळे पुढेही धंदा नीट चालला नाही.

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या माहेरच्या गिरिजा करंदीकर; सासरी त्या सरस्वतीबाई झाल्या. पुढे फाळक्यांनी छापखाना काढला, रंगीत छपाई शिकण्यास जर्मनीला जाऊन आले. पण भागीदारांशी पटेना म्हणून तोही सोडला. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला आणि आपल्या देवादिकांची अशी चित्रे काढायचीच, असा ध्यास घेतला. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते इंग्लंडला गेले व कॅमेरा घेऊन आले.

परंतु पैसे कोण देणार? तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर रोवून, ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत, महिनाभर ते त्या रोपाच्या मागे राहिले. ती चित्रे सलग दाखविताच मिनिटभरात दाण्याचा अंकुर आणि अंकुराचा वेल झाला! परसातली रोजची गोष्ट, पण पाहणारे थक्क झाले आणि पैसा उभा राहू लागला. तरी तो पुरेना. तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. कोरी फिल्म भोके न पाडलेली येई. अंधाऱ्या खोलीत बसून ती भोके पाडण्याचे काम त्या शिकल्या. उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडला. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याच हातचा. तारामतीच्या कामाला कोणी स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहातील साळुंके नावाच्या आचाऱ्याला लुगडे नेसविले. रोहिदास झाला त्यांचाच मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पुढे फाळक्यांनी पुष्कळ चित्रपट काढले. पण बोलपट आल्यावर दिवस पालटले, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ पासून सरकार त्यांच्या नावाचा मोठा पुरस्कार देते.

मला या चरित्रात एक गोष्ट लागून राहते. पडद्यावर हरिश्चंद्र दिसतो, तारामती दिसते. चादर धरणारी बाई दिसत नाही. ती कोणीतरी सांगितली म्हणून आपल्याला कळली. आपल्या घरीही असेच आहे. पंगतीच्या फोटोत सारे जेवताना दिसतात, पण वाढणारी असते चौकटीबाहेर. माझ्या सासूबाई घरच्या कितीतरी कार्यांच्या फोटोंत नाहीत, कारण त्या वेळी त्या चुलीपुढे होत्या. आता फोनमध्ये शेकडो फोटो असतात, पण कुणाचे, कुठले, हे दहा वर्षांनी कोण सांगणार?

म्हणून भगिनींनो, फोटो आणाल तेव्हा त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने साल, गाव आणि नावे लिहून आणा. जी फोटोत नाही, पण जिच्यामुळे ते कार्य पार पडले, तिचे नाव आधी लिहा. घरात वडीलधारी माणसे आहेत तोवरच हे विचारून घेता येईल.